झांकीचा नाग आणि मिलचं अपील

पौषातला गार वारा चाळीत शिरला होता. दिनानाथ साळकर सिगडी पेटवत बसला होता. मिलमधून काढल्यापासून हे काम त्याच्याकडेच आलं होतं.

"फुंका जोरात," बायको शशिकला म्हणाली. "कोर्टात तर तुमचा आवाज निघणारच नाहीये."

दिनानाथ विणकर. युनियनच्या सभेत बोलला आणि आठवड्याच्या आत घरी बसला. लेबर कोर्टानं मिलला सुनावलं, हा अन्याय आहे, परत घ्या. मिल अपिलात गेली. म्हणे, युनियनचा संबंधच नाही. याचे हात थरथरतात, तुटला धागा सांधता येत नाही, म्हणून काढला. आज वरचं कोर्ट ते तपासणार होतं. हरलं तर बिऱ्हाड सांवेरला, सासऱ्याच्या दारात. आणि सासऱ्याची जीभ म्हणजे हंटर.

कोर्टात मिलतर्फे मॅनेजर दत्तोपंत उभे राहिले. "हात बघा साहेब याचे!"

हात थरथरत होतेच. कोर्टात कुणाचे नाही थरथरत?

जज्जसाहेबांनी चष्मा पुसला. "ते असू द्या. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत तुमच्या मिलच्या झांकीचा रथ छान होता हो. कालियामर्दन."

झांकीची तारीफ ऐकून गप्प बसेल तो इंदूरचा मिलवाला कसला! दत्तोपंत फुलले.

"पैला नंबर साहेब! बाकी मिलवाले जल गए. नागाचे फणे पाहिलेत? मशीन-बिशीन काही नाही, आतून बारीक दोऱ्या. पाच फणे, एकटा माणूस, एकदा म्हणून गुंता नाही!"

"वा! कोण हो हा कलाकार?"

"आपला दिनानाथ! काढला होता, तरी घरून बोलावून आणला. दुसऱ्या कुणाला जमतंय कुठे—"

मिलच्या वकिलानं त्यांची बाही ओढली, पण उशिरा.

"म्हणजे हात फक्त सभेनंतर थरथरतात," जज्जसाहेब म्हणाले आणि अपील फेटाळलं.

बाहेर पायऱ्यांवर दत्तोपंतांनी त्याला गाठलं. "सोमवारी ये कामावर. आणि सुन भिया, पुढच्या साली झांकीत रावण करू. दहाही तोंडं हलली पाहिजेत."

"हलतील साहेब."

"पण सभेत एकही नाही!"

"ते आमच्या घरच्या मंडळींना विचारून सांगतो," दिनानाथ म्हणाला आणि घरी आला.

शशिकलेनं सगळं ऐकलं, डोळ्यांना पदर लावला आणि गव्हाचा डबा पुढे सरकवला. "सभेचं मग बघू. आधी चक्की बंद व्हायच्या आत जा. अन् बारीक दळ म्हणावं त्याला."

डबा खांद्यावर घेऊन तो निघाला.