पाव तास पुढचं घड्याळ

काशीतल्या आमच्या ब्रह्माघाटच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पाव तास पुढे चालतं. बिघडलेलं नाही, काठमांडूची वेळ दाखवतं. दादा मात्र रोज सकाळी त्याच्याकडे बघून धावतपळत निघतो आणि संध्याकाळी माझ्यावर उखडतो. "अगं, ठीक कर ना हे! ऑफिसात माझ्याआधी चौकीदारसुद्धा येत नाही." मी हो म्हणते, घड्याळ तसंच राहतं. खिडकीतून गंगेचा ओलसर वास येतो, वहिनी डब्याच्या भातावरचं झाकण काढते, आणि माझं मन त्या पाव तासात जाऊन बसतं.

काठमांडूच्या शाळेत गणित शिकवायला गेले तेव्हा वाटलं होतं, परदेश कसला, शेजारचं अंगण! लिपी तीच, देव तेच. पण जिथे बरंचसं सारखं असतं तिथेच उरलेलं जास्त टोचतं. आमच्या काशीत सकाळी कचोरी, भात दुपारी. तिथे माणसं सकाळी नवालाच डाळभात रिचवून कामाला लागायची आणि ऐन भुकेच्या दुपारी कोरड्या पोह्यांवर भागवायची. आमची घरमालकीण, जिला सगळी गल्ली आमा, म्हणजे आई, म्हणे, रोज जिन्यात वाट अडवून विचारायची, "भात खायौ?" भात खाल्लास का! माझे दात घासून झालेले नसायचे. काशीतली माणसं पगार विचारतील, लग्न का केलं नाहीस विचारतील, पण पहाटेपासून भातासाठी कुणाच्या मागे लागणार नाहीत. मी कधी हो म्हणून सटकायचे, कधी नुसतीच फणकारायचे.

पण खरा वैताग वारांचा होता. तिथे सुट्टी शनिवारी, रविवारी शाळा. आणि इथे दादाला सुट्टी फक्त रविवारी. आईला ऐकू कमी यायचं, साध्या फोनवर तिला काही समजत नसे. समोर चेहरा दिसला तरच बोलायची. तो व्हिडिओ लावून देणार दादा, त्याच्याच फोनवर. ती दिवेलागणीलाच झोपायची, रोज तो घरी येईपर्यंत झोपलेली. म्हणजे रविवारी आई मोकळी, दादा मोकळा, आणि मी शाळेत, मग शिकवण्यांत, अंधार पडेपर्यंत फळ्यापुढे अपूर्णांक सोडवत उभी! एका रात्रीच्या बसच्या अंतरावरची आई मला महिनोन्‌महिने दिसेना. कधी कधी वर्गातच रडू यायचं.

आमाला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "रविवारी भावाला माझ्या फोनवर लावायला सांग." मला वाटलं, ही काय बोलणार? हिची नेपाळी, तिची काशीची मराठी, मधे मोडकी हिंदी. पण आमाचा आवाज असा, की फोन नसता तरी घाटावर ऐकू गेला असता. दोघींचं जमलं ते जमलंच. रविवारी मी दमून घरी यावं, तर आमा जिन्यातच सांगणार, आईचा गुडघा सुजलाय, आईने लिंबाचं लोणचं घातलंय. माझीच आई, आणि तिची खबर मला घरमालकिणीकडून! मला सरळसरळ हेवा वाटायचा. चडफडत वर जायचे.

पुढे आईने अंथरूण धरलं तशी मी नोकरी सोडून आले. थोडेच दिवस मिळाले. काठमांडूहून निघताना आमाने आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून माझ्या सामानात कोंबलं होतं.

आता इथल्या शाळेत रविवारी सुट्टी असते, आणि रविवारी फोन लावावा असं कुणी राहिलेलं नाही. आमाचा फोन येतो तिथल्या सुट्टीच्या दिवशी, शनिवारी. तेव्हा मी शाळेत! घेते वहिनी. संध्याकाळी तीच मला आमाची खबर सांगते आणि मी पुन्हा चडफडते.

गेल्या शनिवारी वहिनी म्हणाली, "ताई, मी सहजच विचारलं त्यांना, आई आणि तुम्ही इतकं काय बोलायचात? तर म्हणाल्या, बाकी इकडचं-तिकडचं, पण त्यांचा पहिला सवाल हमेशा एकच. माझी पोर जेवून जाते ना? आता आईला झूठ कसं सांगणार? म्हणून रोज जिन्यात उभी राहायचे."

मला सकाळी भात अजूनही जात नाही, घशाशी येतो. तरी हल्ली वहिनीने झाकण काढलं की ताट घेऊन बसते. काशीत तेव्हा पावणेनऊ झालेले असतात. घड्याळात नऊ वाजलेले असतात.