डावा पाय आणि इंजिनाचा आवाज

समुद्रावर आमचं शहाळ्यांचं दुकान आहे, आणि पर्यटकांना वाळूत फिरवायला एक चार चाकांची बाईक. ऐन हंगामाच्या तोंडावर तिचं इंजिन बसलं. नवं मिळेना. घरामागे पत्र्याखाली ह्यांची मोटरसायकल उभी होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी ती चालवू नका म्हणून सांगितलेलं. मी म्हटलं, "नुसती गंजतेय. तिचं इंजिन काढून हिला बसवू." हे म्हणाले, "बसव." मेकॅनिकने सांगाडा थोडा कापला, वेल्डिंग केलं आणि बाईक चालू झाली.

काल दुपारी हे दुकानासमोर स्टुलावर बसले होते. लांबून बाईक येत होती. इंजिनाचा आवाज चढला आणि ह्यांच्या डाव्या पायाची टाच हलकेच दाबली गेली, गिअर टाकावा तशी. लगेच तिकडे बाईकचाही गिअर पडला.

मला हसू आलं. "काय हो, पायाला मुंग्या आल्या का?"

"हो, मुंग्याच," म्हणाले आणि समुद्राकडे बघत राहिले.

माझं हसू तिथेच विरलं. वापरात नसलेली वस्तू कुणाचीच नसते, असं धरून मी घर आवरत आले. ह्यांचं "बसव" ऐकलं होतं खरं, पण त्यामागचं ऐकायला थांबले होते कुठे? आणि वर हसलेही.

बाईक पुन्हा समोरून गेली. मी चोरून पाहिलं. ह्यांनी डावा पाय घोट्यापर्यंत वाळूत पुरून ठेवला होता.

गिऱ्हाईक नव्हतं, तरी मी कोयता घेऊन शहाळं सोलत बसले.