रोहनची टोपी मी धुतली त्याची गोष्ट

नमस्कार. मी इथे नेहमी नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे चुका सांभाळून घ्या... बायकोने एकदा वाचून नीट केलंय.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मिरजेला एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी अठरा वर्षं काढली. आमची खोली शवागाराला लागून. गेलेल्या माणसांच्या चादरी धुतल्या, तिथेच बसून डबा खाल्ला. कधी काही दिसलं नाही, ऐकूही आलं नाही.

सुनंदा, माझी बायको, त्याच हॉस्पिटलात नर्स. तिला इकडे नोकरी लागली आणि तिच्या मागून मीही आलो — नॉर्थ कॅरोलिना, मॉरिसव्हिल. आजूबाजूला सगळे सॉफ्टवेअरवाले. कुणी "तुम्ही कुठल्या कंपनीत?" असं विचारलं की मी विषय बदलायचो. पाऊण तासावरच्या गावात बेसबॉलची एक छोटी टीम आहे. तिथे प्लेयर्सचे कपडे धुण्याचं काम मिळालं, त्या दिवशी मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

पहिल्याच आठवड्यात एक उंच पोरगा लाँड्रीच्या दारात येऊन म्हणाला, "काका, तुम्ही मराठी?" मी उडालोच! रोहन त्याचं नाव. जन्म टेक्सासचा, प्लेनोचा. वय एकतीस. टीममध्ये रिलीफ पिचर. म्हणजे आपल्या भाषेत बॉलर, पण सुरुवातीचा नाही. आधीच्याने घोळ घातला की शेवटी बोलावतात तो. अर्धी मॅच कडेला बसून राहायचं, फोन वाजला की उठून हात गरम करायचा, आणि दहा-पंधरा बॉलमध्ये सगळं निस्तरायचं. नऊ वर्षं हेच, सहा गावांत. वरच्या लीगमध्ये एकदाच गेलेला, अकरा दिवसांसाठी.

"दुसऱ्यांचे डाग काढायचे. सेम जॉब, काका," तो हसून म्हणायचा. "फक्त तुमचे निघतात."

माझा तिसरा आठवडा. ऑगस्टमधला रविवार, दुपारी एकची मॅच. वरच्या टीमचे लोक रोहनला बघायला येणार होते. या वयात परत परत कुणी बघायला येत नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, पोरगा आज चकाचक दिसला पाहिजे. सकाळी आठला त्याच्या लॉकरच्या हुकावर टोपी दिसली. घामाचा पिवळा पट्टा, त्यावर मिठाची पांढरी रेघ... मला बघवेना. कुणी सांगितलं नव्हतं, मीच उचलून आणली. सोडा, व्हिनेगर, टूथब्रश. टोपीची उन्हासाठी कपाळापुढे येणारी कडक पट्टी असते ना, तिच्या खालच्या बाजूला पेनाचा निळा डाग होता. शाईला स्पिरिट — ही माझी हॉस्पिटलातली विद्या. चष्मा खिशात होता. दोनदा जोरात घासलं आणि मग चष्मा लावून बघितलं. निळ्या फराट्याच्या शेवटी एकच शब्द उरला होता, आपल्या लिपीत — "नाही".

कुणीतरी मराठीत लिहून ठेवलेलं होतं ते. आणि मग मी जे केलं ते लिहायला आजही लाज वाटते... घाबरून मी उरलेलंही पुसून टाकलं.

तेवढ्यात रोझा आली. ती होंडुरासची, लाँड्रीत बारा वर्षं आहे. तिचं इंग्लिश माझ्यासारखंच मोडकं, म्हणून मला ते कळतं. तिने टोपी उलटी केली आणि तोंडावर हात धरला. "हिज पापा राइट! पापा डेड! नोबडी वॉश दिस, नोबडी!"

तिच्याकडून कळलं, रोहन या टीममध्ये आला तेव्हा पहिल्या मॅचला त्याचे वडील आले होते. तेव्हा त्यांनी लिहिलं, आणि त्याच हिवाळ्यात ते वारले. तेव्हापासून ती टोपी त्याने धुतली नव्हती, बदललीही नव्हती.

रोझा हळूच म्हणाली, "यू राइट अगेन. सेम लँग्वेज, नो? हू नोज?"

खोटं कशाला बोलू, मी पेन हातात घेतलं होतं. पण लिहिणार काय? आधीचं मी वाचलंच नव्हतं! काय नाही? कोण नाही?

सुनंदाला फोन केला. "अहो, रडताय काय? जा आणि सांगा त्याला. दुसऱ्याकडून कळायच्या आत."

"आणि नोकरी गेली तर?"

"माझी आहे ना अजून. जा."

टोपी पंख्यासमोर सुकत होती. मी आणि रोझा तिथेच टॉवेलच्या घड्या घालत होतो, खोलीत तिसरं कुणी आलं नाही. साडेदहाला रोझाने परत उलटी करून बघितली. कोरी.

अकराला रोहन आला. मी टोपी घेऊन त्याच्यासमोर उभा राहिलो, रोझा माझ्या मागे. रडत रडतच सगळं सांगितलं. उरलेलं मुद्दाम पुसलं तेही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्याने हात पुढे केला, टोपी घेतली, उलटी केली... आणि बघतच राहिला.

"काका... यू वॉश्ड व्हॉट?"

टोपी त्याने माझ्यापुढे धरली. "घाई नाही." निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात. मी ते तेव्हा पहिल्यांदा पूर्ण वाचलं. रोहनने त्यावरून अंगठा फिरवला. अंगठा निळा झाला. शाई ओली होती.

रोझाने छातीवर क्रूसाची खूण केली.

"मला मराठीत एवढंच वाचता येतं," रोहन म्हणाला. "बाबांचंच अक्षर आहे हे."

तुम्हाला वाटेल, मग तो मॅच जिंकला असेल. नाही. नऊपैकी आठव्या इनिंगला त्याला बोलावलं, तिन्ही बेसवर समोरच्या टीमची माणसं रन काढायला टपून उभी. पहिल्या बॅटरला बाहेरचे बॉल टाकून फुकट सोडलं, दुसऱ्याने बॉल कुंपणाबाहेर घातला. बघायला आलेले लोक मॅच संपायच्या आतच उठून गेले. सीझन संपल्यावर टीमने त्याला सोडलं.

तो सामान भरत होता तेव्हा मला राहवलं नाही. "मग ते परत आलं कशाला रे? तुला तर काहीच उपयोग झाला नाही."

बॅगेची चेन ओढता ओढता तो थांबला. "बाबा माझ्या मॅचला यायचे ना काका, तेव्हा अर्धा वेळ त्यांना दुसऱ्यांचीच काळजी. कोणाला राइड नाही, कोण जेवलं नाही. मी हरलो तर म्हणायचे, ठीक आहे, नेक्स्ट टाइम. पण दुसरं कोणी रडताना दिसलं की त्यांना सहनच नाही व्हायचं." मग माझ्याकडे बघून हसला. "यू वर क्रायिंग, काका."

रोहन आता प्लेनोला शाळेतल्या मुलांना शिकवतो. मी अजून तिथेच कामाला आहे. स्पिरिटने काढलेली शाई वाळल्यावर परत वर येते का, हे मी घरी दहा-बारा चिंध्यांवर करून बघितलं. येत नाही. आणि आली तरी ओली कशी येईल? रोझाकडे विषय काढला की ती नुसते हात जोडते. सुनंदा म्हणते, डोक्याला लावून घेऊ नका.

पण ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, ज्याचं लिहिलेलं मी माझ्या हाताने पुसलं, तो माझ्यासाठी परत आला... असं म्हणायची माझी लायकी नाही. आणि दुसरं काय म्हणावं, तेही मला आजपर्यंत सुचलेलं नाही.