वामन सरांचे फिरते चौकोन

फोन आला तेव्हा चामोर्शीच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये टायपिंगची बॅच चालू होती. वामन सरांच्या पत्नी, यशोदाबाई, बोलत होत्या. एरवी त्यांचा आवाज एवढा खणखणीत, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. त्या दिवशी मात्र मला मुलांना टायपिंग थांबवायला सांगावं लागलं. "शाहीन, सर गेले तुहे. सकायीच गेले..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याआधीच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. सर खाटेवर पडून होते आणि मला पाहताच त्यांनी पहिला प्रश्न टाकला तो तब्येतीचा नव्हता, माझ्या घरच्यांचाही नव्हता. "मशीन चालू हाये ना?" चालू आहे म्हटल्यावर समाधानाने डोळे मिटून घेतले. दीड महिना झाला आता. तरी सरांबद्दल लिहायला बसलं की मला रडू यायच्या आधी उत्साहच येतो. त्यांच्या सहवासात मी इतकी वर्षं दुसऱ्या कुठल्या अवस्थेत राहिलेच नव्हते, त्याला मी काय करणार?

वामन सर आमचे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. तलावात मासेमारी करणाऱ्या घरातले. भाऊ अजून गावच्या तलावावर जाळं टाकतात, सर मात्र शिकले आणि मास्तर झाले. नोकरीची पहिली वर्षं भामरागडकडच्या एका शाळेत गेली. पावसाळ्यात रस्ते बंद झाले की बाहेरून ना कागद यायचा, ना रंग. हाताशी होती एक पट्टी, एक कंपास आणि दोनतीन बाटल्यांच्या तळाशी उरलेला रंग. तेवढ्यात जे होईल ते त्यांनी काढलं. एका चौकोनात दुसरा, थोडा फिरवलेला. त्यात तिसरा, आणखी फिरवलेला. असे आत आत जाणारे चौकोन. रस्ते उघडले, रंग आले, बदली चामोर्शीला झाली, तरी सर त्या चौकोनातून बाहेर आले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची टिंगल चालायची, की हा माणूस जन्मभर एकच चित्र काढून राहिलाय. सर हसून म्हणायचे, "एक कुठी? नीट पाह्यलं का?" खरोखरच नीट पाहिलं तर एकही चित्र दुसऱ्यासारखं नसायचं. कुठे फिरवण्याचा कोन निराळा, कुठे मधलाच एक चौकोन गायब, कुठे कोपऱ्यात अचानक एक अर्धवर्तुळ. आम्हाला वर्गात ते फळ्यावर कंपासशिवाय वर्तुळ काढून दाखवत, आणि ते वर्तुळ जिथून निघालं तिथेच येऊन मिळे. आम्ही पोरं त्या एका वर्तुळासाठी चित्रकलेच्या तासाला थांबत होतो.

मग त्यांचा हात कापायला लागला. मी तेव्हा नागपूरहून शिकून परत आले होते आणि अब्बांच्या कापड दुकानाच्या माडीवर क्लास काढला होता. गावात कॉम्प्युटर म्हणजे अजून नवलच. चपला बाहेर काढून लोक आत येत आणि लांबूनच पाहून जात. शाळेतल्या मुलांकडून कळलं, की सरांचं फळ्यावरचं वर्तुळ हल्ली मिळत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा म्हणाले, खडू खराब आहे. मग म्हणाले, फळा ओला आहे. मग वर्तुळ काढणंच सोडलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण हे जाणार नाही असंही स्पष्ट सांगितलं. ज्या माणसाचं सगळं सुख सरळ रेषेत होतं, त्याला रेष ओढता येईना. घरी पट्टीने काढलेली रेघही मध्येच उडी मारायची. मला ते ऐकून इतका राग आला, नक्की कुणाचा ते माहीत नाही, की मी तशीच उठले आणि त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "सर, उद्या क्लासमध्ये या. मी तुम्हाला रेष देते."

ते आले. कोट घालून आले, जणू साहेबाला भेटायचं आहे. बेसिक नावाची भाषा आम्ही तेव्हा मुलांना शिकवत होतो. तिच्यात रेष काढायची तर 'लाइन' असं लिहायचं आणि कुठून कुठे ते आकड्यांत सांगायचं, बस. सरांचं बोट कापायचं, त्यामुळे एक कळ दोनदोनदा दाबली जायची. जास्तीचं अक्षर पुसत पुसत त्यांनी ती एक ओळ लिहिली. मी म्हटलं, आता चालवा. काळ्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेष उमटली... सर खुर्चीतून पुढे सरकले. काचेवर त्यांनी आपला कापरा हात ठेवला आणि रेषेवरून फिरवला. हात थरथरत होता, खालची रेष जागची हलत नव्हती. "परत काढ," ते म्हणाले. मी परत काढली. "परत." त्या दुपारी आम्ही दुसरं काही केलं नाही. अब्बा चहा घेऊन वर आले, तर सरांनी त्यांचा हात धरून पडद्यापाशी नेलं आणि म्हणाले, "हे म्या काढलं." अब्बांना त्यात एक रेघ दिसली, पण ते शहाणे व्यापारी असल्यामुळे त्यांनी लगेच 'वाहवा' म्हटलं.

पुढचे महिने कसे गेले ते आठवलं की अजून अंगात वारं शिरतं. शाळा सुटली की सर थेट माडीवर. एक चौकोन झाला. मग तो फिरवायचा कसा? मी कॉलेजातली भूमिती उकरून काढली, सरांनी कागदावर कोन मोजून दिले, आणि एका संध्याकाळी पडद्यावर चौकोनात चौकोन फिरत गेले. भामरागडच्या पावसात त्यांनी जे चित्र दोन आठवडे घासून केलं होतं, ते डोळ्यांसमोर क्षणात उभं राहिलं. मग सर पेटलेच. कोन बदल. आता रंग बदल. आता मधला एक काढून टाक. मशीनकडे सोळाच रंग होते, त्यावरून ते रोज भांडत. त्यांना आलापल्लीच्या सागाच्या वाळलेल्या पानाचा रंग हवा होता, आणि मशीन देत होतं शेणासारखा तपकिरी. एकदा मी म्हटलं, "सर, प्रत्येक वेळी आपण कशाला सांगायचं? कोन किती, रंग कोणता, कुठला चौकोन गाळायचा, हे मशीनलाच ठरवू द्या. मनाला येईल तो आकडा घेईल ते." सर म्हणाले, "घेऊ दे बरं. पाहू, त्याचं मन कसं हाये."

त्याचं मन भलतंच शिस्तीचं निघालं. आम्ही शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना बोलावलं आणि दर वेळी नवं चित्र येतं म्हणून दाखवलं. माडीवर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी गणिताचे मास्तर आपल्या बायकोला घेऊन परत आले, आणि मशीनने पहिल्या चित्रापासून काल दाखवलेलीच चित्रं त्याच क्रमाने काढायला सुरुवात केली. गणिताचे मास्तर मिशीत हसले. "वामनराव, तुमच्यासारखंच हाये हे. एकच चित्र काढून राह्यलं." सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पुस्तकात तोंड घातलं. आकडे कुठून सुरू करायचे हे सांगितलं नाही तर मशीन रोज एकाच ठिकाणाहून सुरू करतं, हे पुस्तकात लिहिलेलं होतं, मी ते पान वाचलंच नव्हतं. मग आम्ही सुरुवात घड्याळावर सोपवली. ज्या क्षणी चालवाल, तो क्षण पुढचं ठरवणार. तेव्हापासून एकदा गेलेलं चित्र पुन्हा आलं नाही. साठवायच्या आत लाइट गेली की गेलं. सर हळहळायचे, आणि लाइट आली की नव्या जोमाने बसायचे.

निवडक चित्रं चंद्रपूरहून रंगीत छापून आणली आणि गडचिरोलीला एका सभागृहात मांडली. तिथे शहरातून एक चित्रकार पाहुणे आले होते. भला माणूस, चित्रं मनापासून पाहिली. जाताना सहज म्हणाले, "सुंदर आहेत. पण रेषा यंत्राची, रंग यंत्राचे, मांडणीही यंत्राने ठरवलेली. मग यात तुमचं काय?" परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून माडीवर येणं बंद झालं. मी निरोप पाठवले, "जमत नाई" एवढं उत्तर यायचं. मला खरोखरच भीती वाटायला लागली. हात गेला तेव्हा माणूस खचला होता, आता मशीनही गेलं तर त्यांच्याकडे राहतं काय?

शेवटी, ते सुटीला गावी गेलेत असं कळल्यावर, मी तिथेच गेले. सर तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, बसले होते. खाली गुडघाभर पाण्यात त्यांचे मोठे भाऊ जाळं फेकत होते. मी वाद घालायच्या तयारीने गेले होते, पण सरांनी हातानेच मला बस म्हणून खुणावलं. भाऊंनी कंबर वळवून जाळं फेकलं. ते हवेत उघडलं, पाण्यावर गोल पडलं. ओढलं. मुठीएवढे दोन मासे ठेवले, बोटभर पिलं परत पाण्यात सोडली. परत फेकलं. या वेळी गोल जरा लांबट पडला.

"पाह्यलं का?" सर म्हणाले. त्यांच्या आवाजात तोच जुना उत्साह होता. "जाळं तेच. फेकणारा तोच. तरी गोल दर खेपेले वेगळा पडते. तो काई भाऊनं ठरवला नाई. पण जाळ्याचं घर, म्हंजे भोक, केवढं ठेवाचं ते त्यानंच ठरवलं. आन वर आल्यावर कोणतं ठेवाचं, कोणतं सोडाचं, तेही त्यालेच पाहा लागते. मासे जाळ्यानं पकडले असं म्हणते का कोणी?"

"नाही म्हणत, सर."

"मंग? तवाच सुचाले पाह्यजे होतं मले, तिथी गडचिरोलीले." ते उठून पँट झटकत होते. "चाल. लाइट हाये का तुह्या इथी?"

लाइट नव्हती. आम्ही मशीनसमोर बसून वाट पाहिली, आणि आली तेव्हा सरांनी सगळा प्रोग्राम मोडून नव्याने बांधायला घेतला. कोन किती ते किती या हद्दीत, कुठले रंग शेजारी येऊ द्यायचे नाहीत, चौकोन गाळायचा तर कुठल्या जागचा... जाळ्याचं एकेक घर ते विणत होते. चित्र उमटल्यावर मशीन थांबायचं. स्पेसबार दाबला की चित्र गेलं, एन्टर दाबला की साठवलं. सरांच्या बोटाचा भरवसा नसल्याने कळ मी दाबायची आणि ते बोलायचे. "सोड... सोड... सोड..." मला आवडलेलं चित्र सुटलं की मी कुरकुरायचे, ते लक्षच द्यायचे नाहीत. मध्येच श्वास रोखल्यासारखे थांबायचे, मान तिरकी करायचे, आणि अगदी हळू म्हणायचे, "ठेव." अख्ख्या संध्याकाळीत एखादं. पुढे निवृत्त झाले, काठी आली, बोलणंही तुटक झालं, पण ते दोन शब्द शेवटपर्यंत साफ होते. क्लासची पोरं त्यांची नक्कल करायची, आणि सर ती खुशीत ऐकायचे.

ते गेल्यावर नागपूरच्या एका कलासंस्थेने विचारलं, की सरांचं प्रदर्शन भरवू, पण सगळी नवी चित्रं हवीत. प्रोग्राम तर आहेच, तुम्ही काढून द्या. खरं सांगते, मला इतका आनंद झाला. सर गेले, पण त्यांचं जाळं माझ्याकडे होतं, आणि ते कधी संपणार नव्हतं. यापुढेही वामन सरांची नवी चित्रं येत राहतील, या विचाराने मी नाचायचीच बाकी होते. मी जुनं मशीन सुरू केलं आणि थोड्याच वेळात असं एक चित्र आलं, की मी कळीवरचा हात मागे घेतला. आतल्या चौकोनाकडे जाताना रंग विझत गेलेले, आणि मधोमध रिकामी जागा. मी ते साठवलं नाही, तसंच पडद्यावर ठेवलं आणि यशोदाबाईंना बोलावून आणलं. त्या सरांच्या खुर्चीवर बसल्या. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

"चांगलं हाये," त्या म्हणाल्या. मग पदराने काचेवरची धूळ पुसली. "पण हे त्यायनं पाह्यलं नाई ना, बाई."

मी नागपूरला कळवलं, की सरांनी ठेवलेली चित्रं आहेत तेवढीच देईन, नवी नाहीत. संस्थेचा विचार चालू आहे. क्लास सुटला की मी रोज थोडा वेळ जुनं मशीन लावते. चौकोन फिरत येतात, कधी बरे, कधी इतके देखणे की बोट आपसूक एन्टरवर जातं. मी शेजारच्या खुर्चीकडे पाहते, जरा थांबते, आणि स्पेसबार दाबते.