पॅड बांधून बसलेले भावजी

जे कधी घडायचेच नाही त्याच्यासाठी इतकी वर्षे इतकी जय्यत तयारी करून बसलेला माणूस सगळ्या तंजावुरात एकच आहे, आणि तो आपल्या नात्यातला आहे. तुमच्या आजोबांचे आतेभाऊ. मी त्यांना भावजी म्हणते, म्हणून इथेही तसेच लिहीन. मीरा, परवा फोनवर तू विचारलेस की तुमच्या बेसबॉलच्या टीममध्ये तीन कॅचर आहेत, बाहेरगावच्या सामन्यांना जाताना बसमध्ये एक जागा कमी पडते आहे, आणि तिसऱ्या कॅचर मुलीला न्यायचे की नाही यावर कोचने कॅप्टन म्हणून तुझे मत मागितले आहे. तुमच्या खेळातले मला काही कळत नाही. चेंडू फेकणाऱ्याच्या समोर, तोंडाला पिंजरा बांधून उकिडवी बसते ती कॅचर, म्हणजे आपली विकेटकीपरच, एवढे तुझ्या बाबाने समजावले. तेवढ्यावर मत देणे बरे नाही. पण भावजींची हकीकत मला पक्की माहीत आहे, ती लिहून पाठवते. तुम्हा दोघा भावंडांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा बाबाने मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधे आपली मते घालू नयेत.

भावजी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. परीक्षेच्या दिवशी एखाद्या मुलाच्या हातून थर्मामीटर फुटले, तर तो रडायच्या आत भावजींच्या खिशातून दुसरे निघायचे. निवृत्त झाल्यावर ही सवय आटोक्यात येईल असे आम्हाला वाटले होते, पण जी प्रयोगशाळेच्या भिंतीआड होती ती आता गावभर झाली. ते दोन छत्र्या घेऊन निघतात, एक स्वतःला आणि एक वाटेत कुणी भिजत असेल त्याला. मनगटावर एक घड्याळ, खिशात एक. कुंभकोणमला रेल्वेने जायचे असले तरी आधी बसस्टँडवर जाऊन बस किती वाजता आहे ते विचारून येतात. आमच्या रस्त्यावरच्या चौदा घरांच्या दुसऱ्या किल्ल्या त्यांच्या घरात खिळ्यांना टांगलेल्या आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून. कोणी बाहेर अडकले की भावजींकडे जायचे. एकदा दुपारी ते स्वतःच बाहेर अडकले. आत रस्त्यातल्या सगळ्यांच्या किल्ल्या आणि त्यांचीही दुसरी किल्ली, बाहेर तिण्णैवर, म्हणजे ओसरीच्या कट्ट्यावर, हे. "अय्यो वहिनी," ते मला म्हणाले, "माझी कुणाकडे ठेवायची हे सुचलंच नाही." लग्न त्यांनी केले नाही. कुलूप तोडायला माणूस येईपर्यंत ते आमच्याकडे कॉफी पीत बसले होते.

त्यांची खरी कसोटी श्राद्धाच्या दिवशी. आपल्या घरांत श्राद्धाला ब्राह्मण सांगतात, आणि हल्ली सांगितलेला माणूस ऐन वेळी येईलच असे नाही. कुणाचा मुलगा चेन्नईहून येतो, कुणाचे पोट बिघडते. ब्राह्मण नाही आला की सगळ्या घराचे अडते. म्हणून भावजींना सांगून ठेवायचे, "तयारीत असा." मग ते पहाटे स्नान करून, सोवळे नेसून, पाण्याशिवाय काही न घेता आपल्या घरी फोनजवळ बसतात. भरल्या पोटी श्राद्धाला बसता येत नाही, म्हणून जेवायचे नाही, आणि बोलावणे येईपर्यंत जायचेही नाही. दुपारी एक वाजता फोन वाजतो. "भावजी, आले हो ते. तुम्ही जेवून घ्या." दहातल्या नऊ वेळा असेच होते. मी एकदा नेमकी त्या वेळी त्यांच्याकडे होते. फोन ठेवून ते म्हणाले, "छान झालं," आणि ते त्यांना खरोखरच छान वाटले होते. मग आत जाऊन त्यांनी सकाळचा भात गरम केला.

तर अशा माणसाला क्रिकेटच्या टीममध्ये कोणती जागा मिळणार? आजोबांनी निवृत्त मंडळींची टीम काढली तेव्हापासून भावजी तिचे दुसरे विकेटकीपर होते. पोंगलनंतरच्या दुसऱ्या रविवारी व्हॅन करून पापनाशमला जायचे, तिथल्या निवृत्तांशी वीस षटकांचा सामना खेळायचा आणि संध्याकाळी कंबरा धरून परत यायचे, असा वर्षातून एकदाचा कार्यक्रम. स्कोअर मी लिहीत असे, कारण बाकी कुणाचा आकडा दुसऱ्या कुणाला मान्य नसे. पहिले विकेटकीपर बँकेतून निवृत्त झालेले एक तमिळ गृहस्थ होते, त्यांना सगळे मॅनेजर म्हणत. बारा वर्षे मॅनेजर खेळले आणि बारा वर्षे भावजी सीमारेषेवर, लोखंडी खुर्चीवर, पॅड बांधून, हातमोजे घालून ताठ बसले. सगळे लोक मधल्या वेळात दहीभाताची पुडी सोडत, भावजी सोडत नसत. "पोट भरलं की खाली बसता येत नाही वहिनी. शेवटचा चेंडू पडला की जेवीन." हातमोज्यांमुळे त्यांना टाळ्याही नीट वाजवता येत नसत, नुसता धप्प धप्प आवाज यायचा.

मॅनेजरना काही होऊ नये म्हणून ते जे करत त्याने मॅनेजर कधी कधी रडकुंडीला येत. सामन्याच्या आधी आठवडाभर रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन झोप, पोट आणि गुडघे यांची चौकशी. "सार, काल रात्री बोंडा खाल्लात?" "एकच खाल्ला." "एक म्हणजे किती?" सामन्याच्या दिवशी त्यांच्या बोटांना चिकटपट्टी भावजीच बांधत, तिसऱ्या बोटाला दोन वेढे, चौथ्याला एक. गोलंदाज सुरुवातीला हात मोकळे करत तेव्हा त्यांचे चेंडू भावजीच अडवत, म्हणजे मॅनेजर दमायला नकोत. परिणाम असा की मॅनेजरना बारा वर्षांत खरचटलेसुद्धा नाही. आपल्याला कधी खेळायला मिळू नये याची जातीने व्यवस्था करणारा असा राखीव खेळाडू मी दुसरा पाहिलेला नाही.

मग जागेचा प्रश्न आला, मीरा, जसा तुझ्यापुढे आला आहे. व्हॅनमध्ये चौदा माणसे बसत. अकरा खेळाडू, एक अंपायर, एक मी, आणि उरलेल्या जागेवर भावजी. तेराव्या वर्षी एक नवे शिक्षक निवृत्त होऊन टीममध्ये आले. त्यांना पळता येत होते. आमच्याकडे दर पाच षटकांनी कुणीतरी सावलीत जाऊन बसणारच, त्याच्या जागी ते उभे राहू शकत होते.

"सगळ्यांत पळणारा हा एकच आहे," आजोबा म्हणाले.

"आणि मॅनेजरना लागलं तर?" मी विचारले.

"बारा वर्षांत लागलं का? तुझ्या वहीत बघ."

वहीत काही नव्हते. आजोबा स्वतः जाऊन भावजींना सांगून आले. ते म्हणाले, "बरोबर आहे दादा. मीही हेच केलं असतं." रविवारी सकाळी सहाला मात्र ते व्हॅनपाशी हजर. मॅनेजरची बोटे बांधली, चिकटपट्टीचे एक जादा वेटोळे त्यांच्या खिशात घातले आणि व्हॅन वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले. वेष्टीखाली, म्हणजे आपल्याकडच्या लुंगीसारख्या धोतराखाली, पॅड बांधलेले मला दिसले. मी कुणाला बोलले नाही.

त्या दिवशी मॅनेजर जायबंदी झाले आणि सगळ्यांना पश्चात्ताप झाला, असे लिहायला मला आवडले असते. तसे काही झाले नाही. शिक्षकांनी दोन सुरेख झेल घेतले आणि आम्ही जिंकलो. चार वाजता मी भावजींना फोन केला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत त्यांनी उचलला.

"मॅनेजर?" त्यांनी विचारले.

"ठीक आहेत. सामना संपला. जिंकलो." मग माझ्या लक्षात आले, आणि मी म्हणाले, "भावजी, तुम्ही जेवून घ्या."

"छान झालं," ते म्हणाले.

घरी येऊन मी वही नीट लावायला बसले तेव्हा एक आकडा खटकला. विकेटकीपरच्या हातून निसटलेल्या चेंडूंवर निघतात त्या धावा दर वर्षी पाच-सहा असत, या वर्षी तेवीस होत्या. दुसऱ्या दिवशी मॅनेजर कॉफीला आले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि कप खाली ठेवला. "मॅडम, बारा वर्षं मी लांबच्या चेंडूवर झेप घेतली. हात मोडला तर हा आहे, म्हणून घेतली. काल पहिल्याच षटकात वळून पाहिलं, खुर्ची रिकामी. मग नाही घेतली." आजोबा शेजारीच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले नाही.

पुढच्या वर्षी भावजींना जागा द्यायची हे न बोलता ठरले. पण पोंगलच्या आधीच मॅनेजर मुलीकडे कोइंबतूरला कायमचे राहायला गेले. आता भावजी पहिले. आजोबा मोठ्या खुशीत हे सांगायला गेले, आणि अर्ध्या तासाने तोंड पाडून परत आले. भावजींनी एकच विचारले होते, "मग दुसरा कोण?" दुसरा कुणी नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग मी नाही. मागे माणूस नसताना पुढे उभं राहणं मला जमायचं नाही. मॅनेजरचं काय झालं ते पाहिलंत ना?" आजोबांनी आठवडाभर लोक धुंडाळले. एकाचे गुडघे, एकाचा चष्मा, एकाची बायको. एक जण तर सरळ म्हणाला, "दिवसभर पॅड बांधून उपाशी बसायचं आणि खेळायचं नाही? मला काय वेड लागलंय?" इतकी वर्षे ते वेड कुणाला दिसले नव्हते.

सामन्याला चार दिवस उरले तेव्हा मी वहीत राखीव विकेटकीपरपुढे माझे नाव लिहिले आणि भावजींना जाऊन दाखवले. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. ते हसले नाहीत. मला मागच्या अंगणात नेऊन त्यांनी दहा लिंबे फेकली. मी चार झेलली.

"चार पुरेत," ते म्हणाले. "आता तीन गोष्टी. जेवायचं नाही. नजर हलवायची नाही. आणि पुढच्या माणसाचं काही बरंवाईट व्हावं असं मनात आणायचं नाही. तिसरी अवघड आहे."

"तुमच्या मनात आलं होतं कधी?"

ते खाली वाकून लिंबे गोळा करू लागले. सगळी झाल्यावर म्हणाले, "एकदा. पाचव्या वर्षी. चेंडू त्यांच्या अंगठ्याला लागला, आणि मी खुर्चीवरून अर्धा उठलो. ते बघायला नाही, वहिनी. खेळायला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी लोणच्याची बरणी देऊन आलो. ते अजून विचारतात, ती कशाबद्दल होती म्हणून."

असे भावजी बहात्तराव्या वर्षी खेळले. कसे खेळले ते वहीत आहे आणि वहीत आहे तेच लिहिते: एक झेल घेतला, दोन सोडले, निसटलेल्या चेंडूंवर एकोणीस धावा गेल्या, आणि आम्ही हरलो. वहीत नाही ते असे, की प्रत्येक षटकानंतर ते वळून माझ्याकडे पाहत आणि मी लोखंडी खुर्चीवरून हातमोजा वर करी. शेवटून तिसऱ्या षटकात एक चेंडू फार लांबून चालला होता. त्यावर ते आडवे पडले. चेंडू हाती लागला नाही, पांढरी पँट मात्र गुडघ्यापासून कमरेपर्यंत मातीने लाल झाली. मी उठले नाही. नुसती पाहत राहिले, कारण मला उठण्याचीच भीती वाटली. ते हळूहळू उभे राहिले, कपडे झटकले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

शेवटचा चेंडू पडला. बाकीचे हात मिळवत होते. भावजी मैदान ओलांडून सरळ माझ्याकडे आले. पुष्कळ धापा टाकत होते. आधी हातमोजे काढले, मग म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही जेवून घ्या." हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकले होते. बोलले पहिल्यांदाच. मी पुडी सोडली. सकाळचा दहीभात उन्हाने पार आंबला होता. मी सगळा खाल्ला.

त्यांचा तो एकच सामना. पुढच्या वर्षी आजोबांच्या कमरेने संप पुकारला आणि व्हॅन गेली नाही, ती अजून गेलेली नाही. लोखंडी खुर्ची आमच्या मागच्या अंगणात आहे, तिच्यावर मी पापड वाळवते. भावजींच्या घराची दुसरी किल्ली आमच्या देवघरातल्या खुंटीला असते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चिठ्ठी बांधून आणून देऊन गेले. चिठ्ठीवर काही लिहिलेले नाही, म्हणाले, तुम्हाला माहीत आहे कुणाची ते.

तेव्हा मीरा, बसमधल्या जागेचे तू काय ते ठरव. तुझ्या आजोबांनीही हिशेब चुकीचा केला नव्हता, आम्ही खरेच जिंकलो होतो. पण कोचला उत्तर देण्याआधी त्या तिसऱ्या मुलीजवळ थोडा वेळ बस, आणि सामन्याच्या दिवशी ती कधी जेवते ते विचार.