गोगोच्या अंगावर घातलेलं पांघरूण

ओटा अर्धाच लाल झाला होता. दाराकडचा भाग तोंड दिसेल असा, पायरीकडचा अजून धुळकट, आणि मधे लाल मेणाचा डबा उघडा पडलेला. माशेझी काम असं टाकून उठणारी बाई नव्हे. नवरा गेला त्या आठवड्यातही तिचा ओटा शनिवारी चकचकीत होता, एझाकेनीतली सगळी गल्ली साक्षीला आहे. त्या सकाळी मात्र ती कुंपणापाशी येऊन उभी राहिली, हात कोपरापर्यंत लाल, आणि म्हणाली, "माझोंडी, दुकानात एक कागद लावलाय."

मेण संपलं म्हणून नवा डबा आणायला ती सकाळीच लेडीस्मिथला जाऊन आली होती. जिथून मुलीच्या लग्नाचा आहेर घेतला, त्याच मोठ्या दुकानात. गल्ल्याच्या वर कागद चिकटवलेला. अमुक जातीचं विजेचं पांघरूण आम्ही परत घेत आहोत, आतली तार तापून पेट घेऊ शकते. वापर आजपासून बंद करा, प्लग काढून ठेवा, दुसऱ्याला देऊ किंवा विकू नका. दुकानात आणून द्या, पावती नसली तरी पैसे मिळतील. नंबर किनारीला शिवलेल्या पट्टीवर आहे, तो ताडून पाहा.

पट्टीच नव्हती. ती माशेझीनेच कापली होती.

माशेझी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश तिचे, आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेला बायका घालतात ते लाल झंपर आणि पांढऱ्या कॉलरी तिच्याच. सुटलेला दोरा दिसला तर उपासनेतसुद्धा पुढच्या बाकावरच्या बाईच्या पाठीवर हात घालते. तिच्या मुलीचं, झाकिथीचं उमाबो झालं, म्हणजे नवरीने सासरच्यांना चटया-पांघरुणं देण्याचा दिवस, तेव्हा एकेक वस्तू मांडीवर घेऊन तिने दुकानाची प्रत्येक खूण बारीक कात्रीने उसवली. आहेरावर पट्टी राहिली की सासरच्या बायका म्हणतात, किंमत वाचून दाखवायला आणलंय. बाकीच्यांना साधी पांघरुणं. विजेचं एकच होतं, जावयाच्या आजीसाठी, गोगो माखुबेकासाठी. ती राहते बर्गव्हिलच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी. ऐन हिवाळ्यात, जूनमध्ये, तिथे बादलीतलं पाणी गोठतं.

मी गेले होते त्या उमाबोला. गोगोचं नाव पुकारलं, रीतीप्रमाणे ती चटईवर आडवी झाली, झाकिथीने तिच्या अंगावर ते पांघरूण घातलं. म्हातारी क्षणभर मेल्यासारखी पडून राहिली आणि मग जी उठली, ती काठी फेकून नाचली. पाय असे आपटले की अंगणातली कोंबडी पळाली. "सून आणली ती आणली, वर ऊनसुद्धा आणलं," म्हणाली. माशेझी इतकी हसली की तिला बसावं लागलं.

आता ते ऊन परत मागायचं कसं? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लाव. दुकानातल्या मुलीनेही तेच सांगितलं होतं. पट्टी नसेल तर ते तेच आहे असं धरा, प्लग काढा, घेऊन या. पण माशेझीच्या मनाने तेवढ्यातच फट शोधली. पट्टी नाही, म्हणजे कदाचित ते नसेलही. चिंध्यांची पोती उपसून ती पट्ट्या शोधत बसली. तीच पट्टी काही मिळेना.

"वडीलधाऱ्याच्या अंगावर घातलेलं काढून घेतलं, तर मुलगीच परत नेल्यासारखं होतं," ती म्हणाली. "आणि सांगू काय? तुम्हाला मुलगी दिली आणि सोबत आग पाठवली?"

मी म्हटलं, हेच सांग, ह्याच शब्दांत.

तिने फोन लावला खरा, माझ्यादेखतच लावला. पण झाकिथीशी बोलताना तिची जीभ वळली. कागदाचं नाव काढलं नाही. म्हणाली, गोगोला सांग, ते पांघरूण रोज नका वापरू, वीज फार जाते. झाकिथी सासुरवाशीण. तिने ते आणखी मऊ करून आजीला सांगितलं असणार. कारण पलीकडून म्हातारीचाच आवाज आला, मलाही ऐकू आला.

"विहीणबाई, माझ्या विजेचा घोर तुम्हाला कशाला? देताना हात मोठा होता, आता आखडला का?"

माशेझी हसली. हसून, "झोपा गोगो, उबेत झोपा," असं म्हणून बसली.

मग तिने मनाशी ठरवलं की रिकाम्या हाताने जायचं नाही. स्वतःच्या हाताने गोधडी शिवायची, लोकर भरून, दुकानातल्यापेक्षा ऊबदार. ती गोगोच्या अंगावर घालायची आणि त्याच गडबडीत जुनं काढून घ्यायचं. कुणाचा मान जाणार नाही. ती मशीनवर बसली. गिऱ्हाइकांचे गणवेश बाजूला पडले, ओटा तसाच राहिला. मी रोज विचारायची, झालं का? ती म्हणायची, तीन बाजू झाल्या. त्या दिवसांत मी प्रार्थनेत गोगोचं नाव घेत होते. माशेझीही घेत असणार. पण प्लग काढणं देवाने आपल्या हाताला दिलंय, ते त्याच्यावर कसं सोडता येईल?

चौथी बाजू राहिली होती तेव्हा झाकिथीचा फोन आला. पहाटे ती नवऱ्याच्या चहाचं पाणी ठेवायला उठली, तर आजीच्या खोलीतून जळक्या लोकरीचा वास. आत धूर. तिने वायर ओढली, पांघरूण ओढलं, बादली ओतली. म्हातारी वाचली. पाय गेले नाहीत, पण घोट्यापर्यंत भाजले. झाकिथीच्याही एका तळहाताला फोड.

आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. माशेझीने गोधडी नेली होती, एक बाजू नुसती टाचलेली. नर्स म्हणाली, पायांवर वजन नको, आणि तिने ती घडी करून उशाशी ठेवली. माशेझी खाटेजवळ गुडघ्यांवर बसली आणि तेव्हा कुठे सगळं बोलली. कागद, तार, कापलेली पट्टी, आणि फोनवरची वीज.

गोगोने ऐकून घेतलं. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग म्हातारी म्हणाली, "तू नुसतं 'गोगो, त्यात आग आहे' म्हणाली असतीस, तर मी काठीने ओढत नेऊन अंगणात फेकलं असतं. वर शेजारणीला हाक मारून दाखवलं असतं. मला कसला आलाय मान? मला थंडी वाजते एवढंच."

"तुम्ही रागवाल असं वाटलं."

"रागावलेच असते. पायांवर उभी राहून रागावले असते."

ती हे कडवटपणे बोलली नाही, आणि त्यामुळेच माशेझीला वर बघवेना. निघताना गोगोने तिच्या गालाला हात लावला. पाय भरून येतील, डॉक्टर म्हणाले, पण कातडी आखडेल. काठी आता फेकून देता यायची नाही.

पुढच्या गुरुवारी माशेझी प्रार्थनेत उभी राहिली. स्तोत्र सांगेल असं वाटलं, पण तिने तो दुकानातला कागद तोंडपाठ सांगितला. घरी जाऊन बघा, म्हणाली. पट्टी कापली असेल तर ते तेच आहे असं समजा. आणि सांगायचं असेल तर वळसे घेऊ नका, मी घेतले. मागच्या बाकावर माम्बाथा रडत होती. तिच्या मुलीचं उमाबो ईस्टरला झालं, त्याच दुकानातून, आणि सासूला द्यायचं विजेचं पांघरूण निवडायला तिने माशेझीलाच नेलं होतं. घरी गेल्यावर तिने मुलीला फोन केला, पण बोलणं तब्येतीवरच संपलं. विहिणीच्या कानावर जाईल म्हणून शब्द फुटत नाही, मला म्हणाली.

आज सकाळी मी कपडे वाळत घालत होते. माशेझीच्या ओट्यावर तो डबा अजून आहे, मेण वरून सुकलंय. ती डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली, हातात काहीच नाही. कुठे, विचारलं.

"विन्टरटनला. माम्बाथाच्या विहिणीकडे. पांघरुणाचा प्लग काढायला."