समोर येईल त्याला ‘मान्य’

अंबडच्या तहसिलीत मी पस्तीस वर्षं कारकुनी केली, अन् टेबलावर आलेला कागद कधी दुसऱ्या दिवसावर ढकलला न्हाई. साहेब लोकांना त्याचं भारी कौतुक. बायको मात्र म्हणायची, "कागदाला एवढा मान देता, कधी माणसाकडंबी बघा." मी हसण्यावारी न्यायचो. त्याच सवयीनं गेल्या वर्षी माझा घात केला.

रिटायर झाल्यापासून आम्ही नवीन जालन्यात राहतो. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिचा कॉम्प्युटर आमच्याकडंच राहिला. सकाळी मी त्यावर पेपर वाचायचो, दुपारी बायको बसायची. ती टेंभुर्णीकडं सरकारी दवाखान्यात नर्स होती. हात आता थरथरतो, पेन धरवत न्हाई, म्हणून एका बोटानं टकटक टाइप करायची. दोन वर्षं चाललं होतं तिचं. काय लिहून राह्यली, मी कधी विचारलं न्हाई. भजनं असतील, न्हाई तर लोणच्याची मापं, असं आपलं मीच ठरवून टाकलं.

मला पंचांग पाहिजे होतं, तेबी फुकटातलं. एका ठिकाणी सापडलं. उतरवून घेताना समोर चौकट आली, खाली ‘मान्य’. दाबलं. दुसरी आली, तीबी दाबली. बारीक अक्षरातलं इंग्रजी वाचतो कोण? आलेला कागद निकाली काढायचा, बस. पंचांग काही उघडलं न्हाई, पण त्याच्या मागं अख्खं वऱ्हाड आलं. पेपर उघडावा तर जुगाराच्या जाहिराती, कोपऱ्यात नाचणारी बाई, अन् दर पाच मिनिटांनी लाल पाटी: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीन हजार दोष सापडले, साफ करू का? तीन हजार! मला घाम फुटला. लगेच ‘हो’ दाबून मोकळा झालो.

साफसफाई अशी झाली की स्क्रीनवर काही म्हणता काही उरलं न्हाई.

दुपारी बायको बसली. "अहो, माझी फाईल कुठंय?"

मी चाचरत सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली अन् सकाळीच निवडलेली तूरडाळ परत निवडायला घेतली. जरा वेळानं तिथूनच म्हणाली, "ते मला पुन्हा लिहायला जमायचं न्हाई. तेवढं आता आठवत न्हाई मला."

मी वायरी उपसल्या, तो डबा चादरीत गुंडाळला, ऑटोत मांडीवर घेतला अन् स्टेशनकडं निघालो. तिथं चाळिशीतल्या एका बाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कपाळावर चष्मा, बोलायला फटकळ. बायकोची फाईल गेल्याचं मी त्यांना सांगितलं.

"काका, काय काय उतरवलं होतं?"

"एकच. पंचांग."

त्यांनी यादी उघडली. "पंचांगासोबत अकरा पाहुणे आल्ते. अन् सगळ्यांना तुम्हीच या म्हणलात."

"ताई, समोर कागद आला की तो अडवून ठेवायची सवय न्हाई मला."

"मंग लावा आता! सही मागणारा प्रत्येक जण साहेब नसतो, काका."

एकेकाला त्यांनी हुसकून लावलं. म्हणाल्या, "ती लाल पाटीच खोटी होती. दोष एकबी नव्हता. फाईली लपवायच्या, माणूस घाबरला की त्याच्या गळ्यात आपला माल मारायचा. तुमची फाईल इथंच असल. नाव सांगा, काढून देते."

नाव? तहसिलीच्या कपाटातली फाईल न् फाईल मला तोंडपाठ होती, अन् घरातल्या एका फाईलचं नाव ठाऊक नव्हतं. बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "बाळंतपणं."

ताईंनी शोधलं, अन् होती की! एकशे दहा पानं, जशीच्या तशी. माझा जीव भांड्यात पडला. मी हातच जोडले, ताईंना जोडले की त्या डब्याला, कोण जाणे.

"बघून घ्या, हीच ना?"

पहिलं पान समोर आलं. ‘पहिलं बाळंतपण माझंच लिहिते. सकाळी एका बाईची सुटका केली आणि दुपारी मलाच कळा सुरू झाल्या. दाईनं हात धरला. मुलगी झाली, खणखणीत रडली. हे संध्याकाळी आले. टेबलावर कागद राहिले होते, म्हणाले.’

बस, एवढंच. राग न्हाई, तक्रार न्हाई. खालच्या ओळीत लगेच दुसरी बाई, दुसरं गाव.

"हीच," मी म्हणालो.

"अहो काका, सापडली ना? मंग रडून काय राह्यले?"

घरी येऊन वायरी जोडल्या. बायकोनं शेवटच्या पानापर्यंत सगळं तपासलं अन् छातीवर हात ठेवून म्हणाली, "आहे बाई सगळं!" किती दिवसांनी अशी मोकळी हसली. मंग माझ्याकडं न बघताच विचारलं, "वाचलं का?"

"पहिलं पान."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात कसलीतरी चौकट उगवली. माझा हात आपसूक माऊसकडं गेला. बायको बघत होती. मी हात मागं घेतला.

"राहू दे ते तसंच," मी म्हणालो. "ही दुसरी बाई कोण, ते सांग आधी."